पीडीएफ उघडते, पण लेख वाचता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे : तीन जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून एक संशोधनपर नियतकालिक चालवतात. सगळे अंक मोफत उपलब्ध आहेत. एका अंध संशोधकाने कळवले की लेख उतरवून घेता येतात, पण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, धड वाचता येत नाहीत. जुने अंक स्कॅन केलेले आहेत, नवे वर्डमधून पीडीएफ करून टाकलेले. हाताशी तंत्रज्ञ नाही. मग सुरुवात कुठून करायची, आणि एखाद्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या पीडीएफ एकदा काढून घेतल्या की काम भागेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते : नाही भागणार. शोधनिबंध, प्रबंध, अहवाल सुगम्य, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वाचता येतील असे, करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो तयार झालेल्या पीडीएफला शेवटी टॅग, म्हणजे कोणता भाग काय आहे हे सांगणाऱ्या खुणा, लावण्यात. चाळीस पानांतली हेडिंगे, तक्ते, तळटीपा एकेक करून ओळखायच्या, आकृत्यांमध्ये काय आहे ते लेखकाला विचारून लिहायचे, आणि सगळे संपत आले की लेखकाचा निरोप यायचा, ‘एक छोटी दुरुस्ती राहिली होती, नवी फाइल पाठवतो.’ नवी फाइल आली की पुन्हा पहिल्यापासून. जे लेखकाने लिहितानाच केले असते तर सहज झाले असते, त्याला शेवटी दोन-दोन दिवस लागायचे. म्हणून तुम्ही सुरुवात जुन्या अंकांपासून करू नका आणि पीडीएफपासूनही करू नका. पुढच्या अंकासाठी लेखकांना वर्डचा जो नमुना पाठवता, तिथून करा.

आणि ‘एकाच वाचकाची तक्रार आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा की तक्रार लिहिणारा एकच असतो. बाकीचे फाइल बंद करून निघून गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहा जणांतल्या एकाला, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. त्यांत विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, आणि तुमच्याकडे लेख पाठवू शकणारे लेखकही आहेत.

## कानाने वाचणारा कसा वाचतो

डोळस वाचक शोधनिबंध पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत क्वचितच वाचतो. सारांश वाचतो, आकृत्यांवर नजर टाकतो, निष्कर्षाकडे उडी मारतो, काही खटकले तर पद्धतीच्या भागाकडे परत येतो. अंध वाचकालाही हेच करायचे असते. एनव्हीडीए किंवा जॉज यांसारखा स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती ‘एच’ ही कळ दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्या हेडिंगवर जाते, ‘टी’ दाबून तक्त्यावर पोहोचते. अनेकांनी आवाजाचा वेग इतका वाढवलेला असतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. पण ही उडी मारता यायची तर ‘संशोधन पद्धती’ ही ओळ हेडिंग आहे हे फाइलमध्ये नोंदलेले असावे लागते. अक्षरे ठळक केली, आकार वाढवला, ओळ मध्यावर आणली, तर डोळ्यांना हेडिंग दिसते. स्क्रीन रीडरच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ असते. मग वीस पानांचा निबंध सलग ऐकत बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पीडीएफचा जन्म १९९३चा. कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही छपाईयंत्रावर पान हुबेहूब एकसारखे यावे, यासाठी ती जन्माला आली. त्यामुळे कोणते अक्षर पानावर नेमके कुठे बसवायचे याची नोंद ती ठेवते. ते अक्षर हेडिंगचे आहे, तळटीपेचे आहे की तक्त्याच्या रकान्यातले, हे नोंदवण्याची तिला मुळात गरजच नव्हती. ही माहिती सांगणारे टॅग २००१ मध्ये आले आणि सुगम्य पीडीएफचे ‘पीडीएफ/यूए’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये. टॅग नसलेली पीडीएफ मात्र आजही बिनबोभाट तयार होते, आणि पाहणाऱ्याला तिच्यात काही उणे दिसत नाही. ऐकणाऱ्याला दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकींत मिसळून ऐकू येतात. पानाच्या माथ्यावरचे नियतकालिकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक वाक्याच्या मध्येच येऊन पडतात, तळटीप परिच्छेद तोडून आत शिरते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१० ते २०१९ या काळातल्या ११,३९७ शोधनिबंधांच्या पीडीएफ तपासल्या होत्या. टॅग आहेत का, भाषा नोंदवली आहे का, तक्त्यांना शीर्षरकाने आहेत का, आकृत्यांना पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचायचे शब्द) आहे का, टॅब कळीने पुढे जाण्याचा क्रम नोंदवला आहे का, अशा पाच कसोट्या लावल्या होत्या. पाचही कसोट्यांवर उतरलेल्या पीडीएफ निघाल्या फक्त २.४ टक्के. म्हणजे तुमचे नियतकालिक काही अपवाद नाही.

आता वर्डच्या नमुन्याकडे येऊ. लेखाचे नाव, मुख्य हेडिंग, उपहेडिंग यांच्या ‘स्टाइल’ त्यात आधीच ठरवून ठेवा आणि लेखकांना सांगा की हेडिंग द्यायचे तर तीच स्टाइल वापरा, हाताने ठळक करू नका. क्रम मोडू नका : पहिल्या पातळीखाली थेट तिसरी पातळी आली की ऐकणाऱ्याला मधले काहीतरी आपल्याकडून सुटले असे वाटते. याद्या वर्डच्या यादीच्या सोयीनेच करा, आडवी रेघ आणि मोकळी जागा टाकून नव्हे. पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून कधीच करू नका, त्याने सगळी रचना पुसली जाते. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडा आणि तिथल्या पर्यायांत सुगम्यतेसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची जी खूण असते ती चालू आहे याची खात्री करा. एवढ्याने पीडीएफ निर्दोष होणार नाही, पण आज तुम्ही देता त्यापेक्षा कितीतरी चांगली होईल, तीही पुढच्याच अंकापासून.

## पीडीएफसोबत साधे पानही द्या

माझा आग्रह याच्याही पुढचा आहे. प्रत्येक लेख पीडीएफबरोबर साध्या वेबपानाच्या रूपातही द्या, म्हणजे एचटीएमएलमध्ये. छपाईसाठी आणि पृष्ठक्रमांक देऊन संदर्भ देण्यासाठी पीडीएफ राहू द्या. वाचण्यासाठी मात्र वेबपानासारखे दुसरे काही नाही. त्यात हेडिंग, परिच्छेद, तक्ता, दुवा यांना मुळातच ओळख असते. अल्पदृष्टीचा वाचक अक्षरे चौपट मोठी करतो तेव्हा ओळ आपोआप मोडून खाली येते, पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागत नाही. डिस्लेक्सिया असलेला वाचक टंक बदलतो, दोन ओळींतले अंतर वाढवतो. हाताचा कंप असलेली व्यक्ती माउसला हात न लावता कळफलकावर वाचू शकते. पीडीएफमध्ये यातले बहुतेक अवघड किंवा अशक्य आहे. आणि मोबाइलवर वाचणाऱ्या कोणालाही विचारा, दोन स्तंभांच्या पीडीएफपेक्षा त्यालाही हेच हवे असते.

मोठे संग्रहही याच दिशेने चालले आहेत. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्राचे लेख मोफत देणारा, १९९१ पासून चालू असलेला ‘आर्काइव्ह’ (arXiv) हा संग्रह डिसेंबर २०२३ पासून लेटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकुरासाठी वापरल्या जाणाऱ्या लेखनप्रणालीत, आलेल्या नव्या लेखांची एचटीएमएल आवृत्तीही देऊ लागला. वेबपानांच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि त्यात ई-पुस्तकेही येतात. तुम्हाला कायदा लागू होतो की नाही हे बाजूला ठेवा. निकषांची भाषा एकदा समजून घेतली की स्वतःच्या कामातल्या चुका स्वतःला दिसायला लागतात.

वेबसाइटच्या कोपऱ्यात बसणारे, एका बटणात सगळे सुगम्य करून देतो म्हणणारे जोडसॉफ्टवेअर घेऊ नका. पानाची मूळ रचना त्याने सुधारत नाही, आणि अनेकदा ते वाचकाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या आड येते.

## देवनागरीची वेगळी अडचण

तुम्ही मराठीत प्रकाशित करता, म्हणून हे सविस्तर सांगायला हवे. इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत ते सापडत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या टंकांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर ‘संशोधन’ दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती खिचडी वाचतो. ही फाइल स्कॅन केलेली नसते, तिच्यात मजकूर ‘असतो’, म्हणून तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही अनेकदा चूक कळत नाही. युनिकोड वापरले तरी पीडीएफमध्ये गेल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरे फुटतात, रफार हरवतो, कारण पीडीएफ अक्षराचा दिसणारा आकार ठेवते आणि आकारावरून मूळ अक्षराकडे परत जाण्याचा रस्ता देवनागरीत वाकडा आहे.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वाचा. तिथे जे दिसेल साधारण तेच अंध वाचकाला ऐकू येते. माझ्याकडे येणाऱ्या संपादकांना मी कोणतेही मानक समजावून सांगण्याआधी हे करायला लावते. चिकटवलेला परिच्छेद पाहिल्यावर पुढचे फारसे बोलावे लागत नाही.

वेबपानात ही अडचण येत नाही, कारण तिथे युनिकोड मजकूर जसाच्या तसा राहतो. फक्त पानाची भाषा मराठी आहे हे नोंदवा, आणि मध्ये इंग्रजी अवतरण आले तर तेवढ्या भागाची भाषा इंग्रजी नोंदवा. नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जातो किंवा गाळलाच जातो.

## आकृत्या : इथे लेखकाला सोडू नका

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती इथे. आकृतीला पर्यायी मजकूर द्यायचा, म्हणजे चित्र दिसत नसेल त्याला चित्राचे काम करून देणारे शब्द द्यायचे. बहुतेक ठिकाणी तिथे काहीच नसते, किंवा ‘आकृती २’ असते, किंवा फाइलचे नाव असते. हे काम संपादकाने आपल्या अंगावर घेऊ नये. आकृती का काढली हे लेखकालाच माहीत असते.

समजा झोपेचे तास आणि स्मरणचाचणीतले गुण यांचा एक बिंदू-आलेख आहे. ‘झोप आणि गुण यांचा आलेख’ हे वर्णन नव्हे; ते तर आकृतीच्या खालच्या ओळीत आधीच लिहिलेले आहे. असे लिहा : ‘बिंदू-आलेख. आडव्या अक्षावर झोपेचे तास, ४ ते १०. उभ्या अक्षावर गुण, ० ते ५०. चार तासांपासून सात तासांपर्यंत गुण वाढत जातात, सातनंतर वाढ थांबते. नऊ तासांहून जास्त झोपणाऱ्या पाच जणांचे गुण इतरांपेक्षा बरेच कमी आहेत.’ आलेख कोणत्या प्रकारचा आहे, अक्षांवर काय आहे, कल कुठे जातो आणि कोण त्या कलाबाहेर आहे. एवढे पुरते. रंग, चौकट, अक्षरांचा टंक यांतले काही सांगायची गरज नाही, जोवर रंगालाच अर्थ नाही. सूक्ष्मदर्शकातले छायाचित्र असेल तर वाचकाने त्यात काय पाहावे असे तुम्हाला वाटते ते सांगा. ‘पेशींचे छायाचित्र’ म्हणून थांबू नका. नुसती शोभेची नक्षी असेल तर ती शोभेची आहे अशी खूण करा, म्हणजे स्क्रीन रीडर तिला ओलांडून पुढे जातो.

गुंतागुंतीच्या आकृतीला दोन-तीन वाक्ये पुरत नाहीत. तिथे पर्यायी मजकूर छोटा ठेवा आणि सविस्तर वर्णन लेखातच आकृतीखाली द्या, सगळ्यांना दिसेल असे. शिवाय आलेखामागचे आकडे साध्या तक्त्यात किंवा सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) जोडा. वर्णन म्हणजे लेखकाने काढलेला अर्थ असतो, आणि संशोधकाला स्वतःचा अर्थ काढायचा असतो. वांडा डियाझ-मर्सेड या खगोलशास्त्रज्ञ शिकत असताना त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांनी ताऱ्यांच्या निरीक्षणांतले आकडे ध्वनीत रूपांतरित करून, ऐकून त्यांचा अभ्यास केला. आकडे हाती असले तर वाचक त्यांचे काय करू शकतो, हे त्यांच्या कामातून दिसते. फक्त चित्र दिले असते तर हा रस्ताच बंद होता.

वर्णन लिहिण्याचा एक फायदा लेखकालाही होतो, तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. एका लेखिकेला मी तिच्या आकृतीचे वर्णन मागितले. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आले की आलेखात एक बिंदू बाकीच्यांपासून फार दूर आहे आणि त्याबद्दल निबंधात एक अक्षरही नाही. तिने तो परिच्छेद नव्याने लिहिला. परीक्षकांपैकी कोणालाही ते दिसले नव्हते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वर्णने लिहून घ्यावीत का, हे आता सगळेच विचारतात. कच्चा खर्डा म्हणून घ्या. ही साधने आलेखाचा प्रकार बहुधा बरोबर ओळखतात, पण आकडे आणि कल चुकवतात, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. डोळस वाचक चूक पकडू शकतो. ज्याच्यासाठी ते वर्णन लिहिले आहे त्याला पडताळून पाहायला दुसरे काही नसते. लेखकाने शब्द न् शब्द तपासल्याशिवाय असे वर्णन छापू नका.

रंगांबद्दल थोडक्यात. फक्त रंगावरून फरक सांगू नका. रेषांना तुटक-ठिपक्यांचे वेगळे रूप द्या किंवा रेषेशेजारीच नाव लिहा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरवा भेद नीट कळत नाही. इतरत्र प्रमाण कमी-जास्त असते. इंद्रधनुष्यी रंगपट्टी टाळा. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरने २०१७च्या २.० आवृत्तीपासून ती सोडून ‘विरिडिस’ ही पट्टी मूळ म्हणून घेतली. ती कृष्णधवल छापली तरी क्रम कळतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतो.

## गणित आणि तक्ते

समीकरण चित्र म्हणून चिकटवले की ते मुके होते. पण ते नुसते मजकुरात लिहिले तरी काम संपत नाही. ‘१२ छेद २ अधिक ४’ हे मोठ्याने वाचा. बाराला दोनने भागून चार मिळवायचे असतील तर उत्तर १० येते. छेदात ‘२ अधिक ४’ असेल तर उत्तर २. डोळ्यांना छेदरेषेची लांबी हा फरक सांगते, कानाला ती रेषा दिसत नाही. म्हणून अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे फाइलला माहीत असावे लागते. मॅथएमएल ही गणिताची खूणभाषा नेमके हेच करते. ती १९९८ पासून प्रमाणित आहे. क्रोममध्ये तिला पुरता आधार जानेवारी २०२३ मध्ये मिळाला, त्यामुळे ‘ब्राउझरमध्ये नीट दिसत नाही’ ही जुनी सबब आता चालत नाही. मॅथएमएल असले की स्क्रीन रीडर समीकरण वाचून दाखवतो, वाचक त्याच्या एकेका भागात शिरू शकतो, आणि तेच ब्रेल डिस्प्लेवर बोटांनीही वाचता येते.

या कामाचा पाया ज्यांना गरज होती त्यांनीच घातला आहे. अब्राहम नेमेथ हे स्वतः अंध गणितज्ञ. त्यांनी गणितासाठी घडवलेली ब्रेल चिन्हपद्धती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. टी. व्ही. रामन यांनी १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या पीएचडीसाठी लेटेकमधले गणित ऐकवणारी ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली केली. घातांक आला की तिचा आवाज वरच्या पट्टीत जायचा. आपल्या मार्गदर्शक कुत्रीचे नाव त्यांनी तिला दिले होते.

तुमच्यासाठी व्यवहारातला नियम एवढाच : वर्डमध्ये समीकरण लिहिताना त्यातलाच समीकरण-संपादक वापरा, चित्र नको. लेखक लेटेकमध्ये लिहीत असेल तर लेटेकची मूळ फाइलही लेखासोबत ठेवायला परवानगी मागा. अनेक अंध गणितज्ञ ती मूळ फाइल सरळ वाचतात, आणि पीडीएफपेक्षा ती त्यांना कितीतरी सोयीची वाटते.

तक्त्यांत चुका ठरलेल्या आहेत. तक्ता चित्र म्हणून टाकलेला असतो, किंवा टॅब आणि मोकळ्या जागा मारून ‘तक्त्यासारखा’ केलेला असतो. वर्डचा खरा तक्ता करा आणि पहिली ओळ शीर्षओळ आहे अशी खूण करा. मग रकान्यात शिरताच वाचकाला ‘प्रायोगिक गट, सरासरी, ३४.२’ असे ऐकू येते, नाहीतर नुसते ‘३४.२’, आणि ते कशाचे हे डोक्यात मोजत बसायचे. दोन-तीन रकाने एकत्र जोडून केलेली दुमजली शीर्षके टाळा, त्यापेक्षा तक्त्याचे दोन तक्ते करा. एका रकान्यात सरासरी आणि कंसात प्रमाण विचलन असे दोन आकडे कोंबू नका. रिकामा रकाना ठेवू नका, ‘माहिती नाही’ असे लिहा. सांख्यिकीय महत्त्व दाखवणारी तारका (*) अनेक स्क्रीन रीडरांच्या नेहमीच्या मांडणीत वाचलीच जात नाही; त्यासाठी वेगळा स्तंभ करा.

## वाचकांपलीकडे

तुम्ही चर्चासत्रांच्या ध्वनिचित्रफिती टाकत असाल तर कॅप्शन द्या, पण आपोआप तयार झालेली तशीच सोडू नका. नेमके पारिभाषिक शब्द, माणसांची नावे आणि आकडे इथेच ती चुकतात, आणि संशोधनात तेच तर महत्त्वाचे असते. सांकेतिक भाषेला कॅप्शन हा पर्याय नव्हे. अनेक कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा सांकेतिक आहे आणि लिखित भाषा त्यांच्यासाठी दुसरी. दुभाषी असतील तर त्यांना सादरीकरण आधी पाठवा. वक्त्यांना सांगा की ‘इथे बघा, हा आकडा’ असे म्हणू नका, तो आकडा उच्चारा.

ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांना ते वाचता यावे, याचा विचार फार कमी होतो आणि मला त्याची मनापासून खंत वाटते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती अभ्यासात सहभागी होतात, मुलाखती देतात, आणि त्यांच्याविषयीचे निष्कर्ष त्यांना कधीच न कळणाऱ्या भाषेत छापले जातात. अपंगत्वाच्या चळवळीची घोषणाच आहे, ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नको.’ अशा लेखांसोबत एक पान सोप्या वाचनाचे मागा : छोटी वाक्ये, एका वाक्यात एकच मुद्दा, अवघड शब्द आला तर लगेच अर्थ, मजकुराला साथ देणारी साधी चित्रे. आणि ते छापण्याआधी अशाच दोघा-तिघांना वाचायला देऊन काय समजले ते विचारायला सांगा. संशोधकांना हे जड जाते, कारण सोपे लिहायचे तर आपल्याला नेमके काय सापडले ते स्पष्ट म्हणावे लागते.

लेख स्वीकारण्याच्या तुमच्या पद्धतीकडेही पाहा. अर्जातल्या बटणांना नावे आहेत का? चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा आहे का? ठरावीक मिनिटांत न भरल्यास सगळे पुसले जाते का? परीक्षकांना पाठवायच्या प्रतीत ओळींना क्रमांक देण्याची पद्धत आहे. पीडीएफमध्ये ते क्रमांक प्रत्येक ओळीआधी वाचले जातात आणि वाक्य ‘एकशे बारा’, ‘एकशे तेरा’ यांत अडकत जाते. परीक्षकाला वर्डची प्रतही द्या, आणि ती हवी का हे सगळ्यांनाच विचारा, म्हणजे कोणाला आपले अपंगत्व सांगत बसावे लागणार नाही.

## जुने अंक आणि तपासणी

स्कॅन केलेले अंक म्हणजे पानांची छायाचित्रे. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे यंत्राकडून ओळखून घेणे, केल्यावर त्यांत मजकुराचा थर येतो. शोध घेता येतो, काहीसे ऐकताही येते. पण रचना येत नाही, आणि जोडाक्षरे, आकडे, तक्ते यांत चुका राहतात. सगळ्या अंकांवर ओसीआर चालवून ठेवायला हरकत नाही, यंत्र रात्रभर चालू राहील. त्याला ‘सुगम्य’ मात्र म्हणू नका. त्याऐवजी संकेतस्थळावर ठळक लिहा की जुना कोणताही लेख हवा असल्यास कळवा, इतक्या दिवसांत वाचता येईल अशी प्रत देऊ. आणि तेवढ्या दिवसांत खरेच द्या. ज्या लेखांना मागणी आहे तेच आधी होतात आणि एकदा केलेली प्रत सगळ्यांसाठी राहते. हक्क तुमच्याकडे नसतील अशा मजकुराबाबत मराकेश करार माहीत असू द्या : २०१३ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१६ मध्ये अंमलात आलेल्या या करारामुळे, तो स्वीकारलेल्या देशांत, अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी हक्कधारकाच्या परवानगीविना सुगम्य प्रत करता येते आणि अधिकृत संस्थांमार्फत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येते.

तपासणीसाठी वर्डमध्येच सुगम्यता तपासनीस आहे, पीडीएफसाठी आणि वेबपानांसाठीही मोफत साधने मिळतात. ती वापरा, पण त्यांच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे त्यांना कळते; ‘आकृती २’ एवढाच मजकूर असला तरी ती समाधानी असतात. एनव्हीडीए मोफत आहे. तिघांनी तो उतरवून घ्या, पडदा बंद करा, आणि आपलाच एक लेख कळफलकावर वाचायचा प्रयत्न करा. अर्ध्या तासात चुकांची यादी तयार होईल. तरीही तुम्ही नवशिके आहात हे ध्यानात ठेवा. रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती जिथे सहज जाते तिथे तुम्ही अडकाल, आणि तिला अडवणारी गोष्ट तुमच्या लक्षातही येणार नाही. म्हणून शेवटी तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्यायची, आणि त्याचे मानधन द्यायचे. परीक्षकाचे काम जसे कौशल्याचे, तसेच हेही.

तुम्हाला लिहिणाऱ्या त्या संशोधकाला आजच उत्तर पाठवा. कोणता लेख वाचायचा होता ते विचारा. तो लेख वर्डमध्ये घ्या, हेडिंगांना स्टाइल लावा, तक्ते नीट करा, आकृत्यांची वर्णने लेखकाकडून मागवा आणि वर्डचीच फाइल त्यांना पाठवा. पीडीएफ करायचीही गरज नाही. सोबत विचारा की कुठे अडले, आणि पुढच्या अंकाची प्रत छापण्याआधी मानधन घेऊन तपासून द्याल का. त्यांचे उत्तर आले की नमुन्यात काय बदलायचे ते तुम्हाला कळेल. तिथे काही अडले तर मला पुन्हा विचारा, नमुना पाठवलात तर मी पाहून देईन.